तिसरी रजई

घरात त्याला कानसेन म्हणत. हे नाव वडिलांनी ठेवलेलं, तो आठ वर्षांचा असताना, आणि तेही चेष्टेने. मोरीतला नळ गळतोय, पंखा आतून घासतोय, शेजाऱ्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा पुढे आहे, असल्या बातम्या तो जेवायला बसल्यावर सगळ्यांना द्यायचा म्हणून. वडील गेले, चेष्टाही त्यांच्याबरोबर गेली, नाव तेवढं मागे राहिलं. पोराने ते खरं धरलं. मोठेपणी त्याने धंदाही आवाजाचाच पत्करला: लोकांचं बोलणं-वाचणं रेकॉर्ड करायचं, साफ करायचं, जुळवून द्यायचं. या धंद्यात संगणकाच्या पडद्यावर आवाजाचे आलेख दिसतात आणि शहाणी माणसं त्यांच्यावर एक डोळा ठेवून असतात. हा ठेवत नसे. आवाज डोळ्यांनी बघायचा असता तर कान कशाला दिले असते, असं म्हणून त्याने पडद्याच्या त्या कोपऱ्यावर दुसरीच खिडकी उघडून ठेवली होती. ज्याला जे चांगलं येतं तिथेच तो आधी आपटतो, पण हे त्याला कोण सांगणार. सांगितलं असतं तरी त्याने त्यात उच्चाराची चूक काढली असती.

घर तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्या आणि स्वयंपाकघराचं. पुढची खोली त्याच्या कामाची. तिथे एक टेबल, संगणक, दोन छोटे स्पीकर, आणि एक खुर्ची, जिच्यावर दुसरं कुणी टेकलेलं त्याला खपत नसे. या खोलीच्या मागे अडगळीची खोली. तिथल्या ट्रंका आणि मोडकी सायकल हलवून त्याने भिंतींना फोम चिकटवला होता, वर रजया टांगल्या होत्या, आणि आत एक स्टूल, एक माइक, एक वाचायचा दिवा ठेवला होता. वाचणाऱ्याने आत बसायचं, दार लावून घ्यायचं, आणि याने बाहेर बसून ऐकायचं. अडगळीच्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीला लागून आईची खोली होती.

वाचणारी होती त्याची ताई. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. सकाळी शाळेत शिकवायची आणि तिचा आवाज असा भारदस्त की मागच्या बाकावरचं पोरही पाय आखडून सरळ बसे. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. आई म्हणायची, "याला कुणाचा आवाज सहन होत नाही, आणि हिचा कुणाला होत नाही." बहीणभावाचं एरवी फारसं पटायचं नाही, पण मधे एक भिंत आणि एक माइक ठेवला की छान पटायचं. या खेपेला त्यांनी मोठं काम घेतलं होतं. नावा बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याची जाडजूड कादंबरी, चोवीस प्रकरणं, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचून द्यायची.

ताई एकला शाळेतून यायची, जेवायची, आणि अडीच ते पाच रेकॉर्डिंग चालायचं. त्याआधी घर गप्प करायचं. पंखे बंद, खिडक्या बंद, फोन मुके. फ्रीजसुद्धा बंद, कारण तो भलत्या वाक्याला गुरगुरायला लागतो. बंद केलेला फ्रीज मग चालू करायचा राहतो आणि दूध नासतं, म्हणून ताई स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. संध्याकाळी शिकवणीला निघायचं तर किल्ली हवी, किल्ली हवी तर फ्रीज उघडायला हवा, आणि आतला दिवा लागला नाही की आपोआप आठवण होते. अशी सगळी व्यवस्था चोख होती. घरात फक्त एकाच गोष्टीला हात लावायचा नव्हता, ती म्हणजे आईचं मशीन.

आईची फुफ्फुसं थकली होती. वर्षभर ती या मशीनवर होती. पलंगाशी ठेवलेलं ते चाकांचं खोकं खोलीतली हवा ओढून घ्यायचं, तिच्यातला प्राणवायू वेगळा काढायचं आणि लांबलचक नळीतून आईच्या नाकात सोडायचं. चालू असताना ते खालच्या सुरात घरघरत राही आणि दर काही सेकंदांनी आतल्या आत धप्प करी. ते घरी आलं त्याच दिवशी कानसेनने त्याला 'गिरणी' म्हटलं होतं आणि सगळे हसले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की आंघोळीपुरती सोडली तर नळी काढायची नाही, झोपेतही नाही, गप्पांतही नाही.

आणि तरीही गेले दोन महिने आईचं काही खरं नव्हतं. घोटे सुजायचे. डोकं धरून बसायची. एका संध्याकाळी तिने ताईला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि चूक लक्षात आल्यावर स्वतःच इतकी घाबरली की रात्री जेवली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचे फोटो काढले, प्राणवायूचं प्रमाण वाढवलं. उतार पडेना. शेवटी त्यांनी कानसेनला बाजूला घेऊन विचारलं, "नळी पूर्ण वेळ असते ना? खरं सांगा. पुष्कळ पेशंट गुपचूप काढून ठेवतात."

हा चिडला. "डॉक्टर, मी आवाजाचा माणूस आहे. ते मशीन बंद झालं तर मला झोपेतही कळेल. हमी देतो मी."

"मग माझ्या हिशेबात बसत नाही हे," डॉक्टर म्हणाले. "अजून पंधरा दिवस बघू. नाहीतर दाखल करावं लागेल, आणि या वयात दाखल केलेलं माणूस कसं परत येईल ते मी सांगू शकत नाही." कानसेन घरी आला. ताईला त्याने दाखल करण्यापुरतंच सांगितलं, पुढचं सांगितलं नाही.

त्यातच निर्मातीबाईंचा फोन आला. या बाई कादंबरीचं रेकॉर्डिंग करून घेणाऱ्या कंपनीतल्या. बोलणं मऊ आणि काम कडक. त्या म्हणाल्या, "सगळं ऐकलं आम्ही. ताईंचं वाचन फारच सुंदर. फक्त पहिल्या नऊ प्रकरणांत खाली घरघर आहे. मागे मी तुम्हाला बोलले होते तीच. दहाव्यापासून पुढे मात्र एकदम स्वच्छ. तेव्हा पहिली नऊ जरा दहाव्यासारखी करून द्या."

"तिचा मी तेव्हाच बंदोबस्त केला होता," कानसेन म्हणाला. "तिसरी रजई टांगली आत."

"मग रजईचा गुणच म्हणायचा," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्याने नववं प्रकरण लावलं, मग दहावं, मग पुन्हा नववं. त्याला दोन्ही सारखीच. खरं सांगायचं तर दोन महिन्यांपूर्वी बाईंनी पहिल्यांदा तक्रार केली तेव्हाही त्याला घरघर ऐकू आली नव्हती. रजई त्याने रागारागाने टांगली होती. दोष कानांचा नव्हता. त्याचे स्पीकर तळहाताएवढ्या पडद्याचे, बोलणं काचेसारखं स्पष्ट ऐकवणारे, पण अगदी खालचा सूर त्यांच्या आवाक्यात नव्हता. ऐकूच येत नाही ते साफ करायचं कसं? आणि आंधळेपणाने खालचं सगळं कापावं तर ताईचा आवाजच खालच्या पट्टीतला. घरघरीबरोबर तिचा भारदस्तपणाही कापला जाऊन ती सर्दी झाल्यासारखी वाटायला लागली. चाळीस वर्षं कानांवर मिजास करणाऱ्या माणसाला ही फार मोठी चपराक होती. आलेख उघडून बघितला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण ते करणं म्हणजे हार मानणं, त्यापेक्षा त्याने सबवूफर घ्यायचं ठरवलं.

मोठे स्पीकर घ्यायची ऐपत नव्हती. असलेल्या छोट्या जोडीला खालचा आवाज काढणारं एक वेगळं खोकं जोडायचं, हा त्यातल्या त्यात स्वस्तातला मार्ग. नृत्याचा क्लास बंद करणारे एक मास्तर आपला जुना सबवूफर विकायला काढणार होते. कोपरे ठेचलेले, पुढची जाळी गायब, पण आतला पडदा शाबूत. रविवारी सकाळी कानसेनने तो रिक्षात मांडीवर घेऊन आणला आणि जिन्यात तीनदा टेकवत वर चढवला.

जोडणी फार अवघड नव्हती. संगणकाकडून येणारी वायर आधी सबवूफरमध्ये आणि तिथून दोन्ही स्पीकरना. मागे एक खुंटी, ती फिरवून ठरवायचं की कुठपर्यंतचा आवाज तू काढायचास आणि कुठून वरचा या दोघांनी. भावाभावांत शेत वाटून द्यावं तसं. कठीण होतं ते त्याची जागा ठरवणं. खालचा आवाज खोलीत सगळीकडे सारखा पसरत नाही, एका कोपऱ्यात गच्च साठतो आणि दुसरीकडे हात पुसून निघून जातो. त्यावर या धंद्यात एक उलटा उपाय आहे. सबवूफर आपल्या खुर्चीवर बसवायचा, एक जाड सुराचं गाणं लावायचं, आणि आपण गुडघ्यांवर रांगत, जमिनीलगत डोकं नेऊन खोलीभर ऐकत फिरायचं. जिथे सगळ्यात नीट ऐकू येईल तिथे तो ठेवायचा. तर पन्नाशीला टेकलेला कानसेन लेंगा सावरत रांगत होता, आणि ज्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही तिच्यावर एक ठेचलेलं खोकं ऐटीत बसलं होतं.

आई दारात येऊन बसली होती. नळी लांब होती, तिथपर्यंत पुरायची. ती हसली, मग हसण्याचा खोकला झाला, तो ओसरेपर्यंत ताईने तिची पाठ चोळली.

"लहानपणी रांगलाच नाही हा," आई म्हणाली. "एकदम उभा राहिला. मी तेव्हाच म्हटलं होतं, राहिलेलं कधीतरी करावं लागणार."

"चपलांच्या रॅकपाशी चांगलं येतंय," कानसेन खालूनच म्हणाला.

"पण हे करतं काय रे?"

"खालचा आवाज ऐकवतं, आई. आपल्या स्पीकरमध्ये येत नाही तो. रेकॉर्डिंगमध्ये असतो, पण आपल्याला पत्ता नसतो. आता लागेल."

"म्हणजे पुढचं जे कराल त्यातला."

"मागचाही. पहिल्या दिवसापासूनचा सगळा."

"असं," आई म्हणाली. नळीशी थोडा वेळ चाळा करत बसली. मग म्हणाली, "झालेलं उकरून काय मिळतं? पुढचं बघावं माणसाने." आणि ताईला म्हणाली, मला आत ने, मान अवघडली.

चपलांचं रॅक बाहेर गेलं, सबवूफर त्याच्या जागी बसला, आणि कानसेनने नववं प्रकरण लावलं. ताईचा आवाज सुरू झाला आणि त्याच्याखाली, जमिनीलगत, एक घरघर सुरू झाली. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. घरघर, घरघर, धप्प. आईचं मशीन. भिंतीतून, फोममधून, रजयांतून पाझरत माइकपर्यंत पोचलं होतं आणि नऊच्या नऊ प्रकरणांत ताईच्या मागे बसून होतं. बाई खरं बोलत होत्या. मग त्याने दहावं लावलं. ताईचा आवाज, आणि त्याखाली काही नाही.

त्याला इतका आनंद झाला की त्याने ताईला हाका मारून बोलावलं. "बस. नाही, त्या खुर्चीवर बस." ताई बिचकतच बसली. "हे नववं. येतंय? आता हे दहावं. गेलं की नाही? तिसरी रजई."

"एका रजईने इतका फरक पडतो?" ताईने विचारलं.

"पडला ना? तुझ्या कानांनी ऐकलंस."

आता या धंद्यातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही विचारा, ते सांगेल की रजई वरचे सूर अडवते, बोलणं अडवते, खालची घरघर अडवायला रजईच्या बापालाही जमणार नाही. कानसेनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने स्वतः दोन जणांना हे शिकवलं होतं. पण आपला तो बाब्या. दुसऱ्याची रजई असती तर तो हसला असता, स्वतःच्या रजईवर त्याचा विश्वास बसला. तो खुशीत अकरावं ऐकू लागला, मग बारावं. स्वच्छ. तेराव्याच्या निम्म्यात ताई एक लांब वाक्य वाचत होती, आणि त्या वाक्याच्या मधोमध, 'किनाऱ्यावर' आणि 'कुणी' या दोन शब्दांच्या मधे, मशीन सुरू झालं.

घरघर, धप्प. दोन-तीन वाक्यं. मग जसं आलं तसंच बंद.

त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. सुरू झालं. बंद झालं. तिसऱ्यांदा लावलं. ताई काहीतरी म्हणाली ते त्याने ऐकलं नाही. रजई अशी मधेच चालू आणि मधेच बंद होत नाही. चालू-बंद होणारी वस्तू रजईच्या अलीकडे नव्हती.

त्याच्याकडे एक वही होती, तिच्यात प्रत्येक प्रकरण कोणत्या दिवशी रेकॉर्ड झालं ते लिहिलेलं असे. दहाव्याची तारीख त्याने काढली. बाईंचा पहिला फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. मग तो दिवस त्याला आठवू लागला. फोन संध्याकाळी आला होता. रात्री जेवताना तो धुमसत होता. बाईंना जी ऐकू येते ती घरघर आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करायचं नव्हतं, मग कुणावर तरी ढकलायला हवं होतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "घरात गिरणी घालून बसलोय," तो म्हणाला होता, "आणि लोकांना पाहिजे स्वच्छ आवाज. कुठून आणू?" आई समोरच होती, नाकात नळी घालून, ताटातला भात चिवडत. तिने फक्त विचारलं होतं, ताक वाढू का.

दुसऱ्या दिवसापासून पुढची पंधरा प्रकरणं. एकेका प्रकरणाला दोन-तीन दुपारी. रोजचे अडीच तास. घोटे, डोकेदुखी, मेलेल्या बहिणीची हाक. आणि डॉक्टरांसमोर उभा राहून त्याने दिलेली ती हमी. दुपारी आपल्यात आणि आईत दोन बंद दारं आणि तीन रजया असतात, हे त्या वेळी त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "तेराव्याच्या वेळी तू मधे उठली होतीस?"

ताईने आठवून बघितलं. "घसा बसला होता माझा. वाक्य अर्धवट सोडून पाणी प्यायला बाहेर आले होते. गार पाणी..." आणि तिचा चेहरा उतरला. "फ्रीज उघडला होता मी."

आईला घड्याळ बघावं लागत नव्हतं. अडीचला अडगळीच्या खोलीचं दार लागलं की ती बटण बंद करायची. फ्रीजचं दार वाजलं की किल्ली निघाली, म्हणजे काम संपलं, म्हणजे बटण चालू. ताई आत येईपर्यंत मशीन घरघरत असायचं आणि आई डोळे मिटून पडलेली असायची. फक्त तेराव्याच्या दिवशी ती फसली होती, कारण फ्रीज उघडला तो किल्लीसाठी नव्हता. थोड्या वेळाने बाहेर काही हालचाल नाही हे कळल्यावर तिने पुन्हा बंद केलं. इतक्या बारकाईने कान देणारी ती या घरात एकटीच होती, आणि कानसेन म्हणून मिरवत होता दुसराच.

"तू तिच्या मशीनला गिरणी म्हणालास," ताई हळू आवाजात म्हणाली. "त्या रात्री."

"माहीत आहे."

"मी तेव्हाच बोलणार होते तुला. म्हटलं जाऊ दे, दमलाय." ती खुर्चीवरून उठली. तिलाही स्वतःचा राग आला होता. रोज पाचला ती आईजवळून शिकवणीला जायची, आईच्या कपाळाला हात लावून जायची, आणि तिच्या ओठांचा रंग तिला कधी दिसला नव्हता.

दोघं आईच्या खोलीत गेली. मशीन चालू होतं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण झोपलेली नव्हती, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं. कानसेन पलंगाच्या कडेला बसला.

"आई, दुपारी मशीन तू बंद करतेस?"

"कोण म्हणतं?"

"मशीनच म्हणतं."

आई इकडे वळली. दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मुलं मोठी झाल्यावर खोटं बोलणं किती कठीण होतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "दुपारची जरा झोप लागते त्याशिवाय," ती म्हणाली. "डोक्याशी सारखं घर घर. माणसाला नको होतं."

"आणि रात्री लागते ती झोप?" ताई म्हणाली. तिचा शाळेतला आवाज आला होता. "आई, जिवाशी खेळ आहे हा. डॉक्टर दाखल करायचं म्हणतायत तुला. अडीच अडीच तास? रोज?"

"पण तुमचं काम..."

"काम गेलं खड्ड्यात," कानसेन म्हणाला. "पहिली नऊ आम्ही ताईच्या शाळेत रविवारी करू. नाहीतर नाही करणार. आई, मी जे बोललो जेवताना, त्यासाठी केलंस तू हे?"

"काय बोललास?"

"गिरणी."

"कधी?" आई म्हणाली. जरा लवकरच म्हणाली. "मला नाही आठवत. तू काय, काहीही म्हणतोस, कोण लक्ष देतं." मग तिने डोळे मिटले, दोन-तीन श्वास घेतले आणि तिला काहीतरी सुचल्यासारखं झालं. "अरे, मला हिचं वाचन ऐकायचं असतं. ते चालू असलं की भिंतीपलीकडचं काही कळत नाही. बंद केलं की कसं सगळं स्वच्छ ऐकू येतं. दिवसभर छताकडे बघत पडलेलं माणूस मी, तेवढीच माझी करमणूक. तुझा काय संबंध त्यात? मी माझ्यासाठी केलं."

ताईच्या डोळ्यांना धार लागली. "अगं मग सांगायचं नाहीस का? मी तुला रोज बसून वाचून दाखवलं असतं."

"तुला वेळ कुठे असतो," आई म्हणाली आणि तिचा हात हातात घेतला.

कानसेनच्या छातीवरचा दगड सरकला. हे खरं असलं तर काय हवं होतं. म्हातारं माणूस, गोष्टीची ओढ, लहान मुलासारखा हट्ट. रागावता आलं असतं, समजावता आलं असतं, नळीबरोबर कानाला हेडफोन लावून देता आले असते. आपण आपल्या तोंडाने आईचा श्वास काढून घेतला, या विचारासह जगावं लागलं नसतं. त्याने तो दगड आणखी थोडा सरकू दिला असता. पण पलंगापलीकडची ती भिंत त्याच्या समोर होती, आणि ती त्याला पाठ होती. तिच्या पलीकडे त्याने स्वतःच्या हाताने दोन पदरी फोम लावला होता, त्यावर तीन रजया, आणि अलीकडून आईचं कपड्यांचं कपाट. घरघर अशा भिंतीतून जाते. शब्द जात नाहीत. कितीही बारीक कान देऊन ऐका, मशीन बंद करा, घर बंद करा, त्या भिंतीतून ताईच्या वाचनातलं एक अक्षरही आईपर्यंत पोचणार नव्हतं. आणि हे या घरात त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

तरी माणूस आशा सोडत नाही. त्याला वाटलं, कोण जाणे, एखादी फट राहिली असेल. दाराखालून येत असेल.

"सतरावं ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं की."

"धाकटा परत येतो त्यात. बापाला नाही नाही ते बोलून गेलेला असतो, आणि परत येऊन दार वाजवतो."

"हो, तेच."

"मग म्हातारा काय करतो?"

ताई काही बोलायला गेली. कानसेनने तिच्याकडे न बघता हात आडवा धरला. आई छताकडे बघत होती. मशीनने एकदा धप्प केलं, मग आणखी एकदा.

"उघडतो की दार," आई म्हणाली. "न उघडून सांगतो कुणाला? पोर आहे. बोलून गेलं असेल रागाच्या भरात. त्याचं काय एवढं धरून बसायचं? उघडतो, आणि जेवलास का म्हणून विचारतो."

कादंबरीत म्हातारा दार उघडत नाही. दिवा मालवतो आणि पहाटेपर्यंत अंधारात बसून राहतो, आणि धाकटा निघून जातो तो कायमचा. ते पान ताईला नीट वाचता येईना, चारदा घ्यावं लागलं होतं. आता तिने पदराने तोंड दाबून धरलं आणि खिडकीकडे वळली.

"बरोबर ना रे?" आईने विचारलं.

"बरोबर," कानसेन म्हणाला. "अगदी असंच आहे."